मावळातील मधमाश्या आणि राणीची निवड

सह्याद्रीच्या घाटमाथ्याला लागून वसलेला पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका भातासाठी प्रसिद्ध आहे. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ या वाणांच्या संकरातून सिद्ध झालेला ‘इंद्रायणी’ भात १९८७ साली प्रसारित झाला आणि पाहता पाहता तो घरोघरी पोहोचला. बियाणे चांगले असेल तरच पीक चांगले येते, ही गोष्ट येथील शेतकऱ्याला नव्याने सांगावी लागत नाही. झोडणीपूर्वी शेतातील टपोऱ्या लोंब्या वेगळ्या काढून पुढील वर्षाचे बियाणे राखण्याची रीत येथे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे.

परंतु हौसेने दोन-चार मधपेट्या ठेवणारा शेतकरी, शिक्षक अथवा निवृत्त कर्मचारी मधमाश्यांच्या बाबतीत मात्र बियाण्याचा विचार क्वचितच करतो. झाडाच्या ढोलीत सापडलेली वसाहत पेटीत भरावयाची, पावसाळ्यात ती दुबळी होऊन नष्ट झाली अथवा उडून गेली की दिवाळीनंतर पुन्हा रानात जाऊन दुसरी आणावयाची, असा क्रम अनेक ठिकाणी चालतो. त्यामुळे पेटी वर्षानुवर्षे तीच राहते, मधमाश्या मात्र दरवर्षी नव्या असतात. आणि रानातील एकेक ढोली रिकामी होत जाते. हा क्रम थांबवावयाचा असेल तर पेटीतील वसाहतींमधूनच उत्तम राणीमाश्या निवडून त्यांची वाढ करणे हाच मार्ग होय. हे काम अवघड नाही व त्याला मोठा खर्चही येत नाही. ते एकट्याने पूर्णत्वास जाणारे मात्र नाही. त्याला गावाचे सहकार्य का लागते, हे समजून घेणे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

मावळच्या मधमाश्या

महाराष्ट्रात प्रामुख्याने चार प्रकारच्या मधमाश्या आढळतात. उंच कड्यांवर व मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर एकच प्रचंड पोळे बांधणारी ती आग्या. तिला पेटीत पाळता येत नाही. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करणारी ती फुलोरी. भिंतीच्या भेगांत व खोडांच्या छिद्रांत राहणारी, डंख न मारणारी चिमुकली माशी चौथ्या प्रकारची. या सर्वांहून वेगळी आणि पाळण्यास योग्य अशी देशी माशी म्हणजे सातेरी. झाडाच्या ढोलीत, वारुळात अथवा खडकाच्या कपारीत, अंधाऱ्या जागी ती एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधते. पेटीतील चौकटींची रचना या सवयीशी जुळत असल्याने ती पेटीत राहू शकते.

युरोपीय वंशाची मेलिफेरा ही माशीही १९६० च्या दशकात उत्तर भारतात स्थिरावली व आज ती देशभर पाळली जाते. ती मध अधिक देते. परंतु तिच्या पेट्या मोहरी, सूर्यफूल यांसारख्या फुलोऱ्याच्या मागोमाग ट्रकमधून हलवाव्या लागतात. ‘व्हरोआ’ नावाच्या परोपजीवी कोळ्याचा तिला मोठा उपद्रव होतो. सातेरी ही या कोळ्याची मूळ यजमान असून तिच्या कामकरी माश्या त्याला अंगावरून वेचून टाकतात. घरामागे दोन-चार पेट्या ठेवणाऱ्या घाटमाथ्यावरील हौशी मधपाळाला म्हणूनच सातेरी अधिक सोयीची ठरते.

मावळचे हवामान मात्र या माशीची कसोटी पाहणारे आहे. सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवरील लोणावळा-खंडाळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पूर्वेकडे तळेगावच्या दिशेने त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत पावसाळ्यातील कित्येक दिवस मधमाश्यांना पेटीबाहेर पडताच येत नाही. पाऊस ओसरू लागला की डोंगरउतारावरील कारळ्याची शेते पिवळी होतात व वसाहती पुन्हा जोम धरू लागतात. हिवाळा सरता सरता पांगारा व सावर फुलतात, उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून जांभूळ, हिरडा, अंजनी, गेळा व करवंद यांचा बहर येतो आणि मधाचा मुख्य हंगाम सुरू होतो. सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलोऱ्यावर येणारी कारवी ही तर मधमाश्यांची पर्वणीच असते. अशा रीतीने आठ महिने सुकाळ व चार महिने उपासमार असे हे चक्र आहे. ते ज्या वसाहतीला निभावता येते, तीच मावळची वसाहत म्हणावयाची.

वसाहतीचे मूळ

सातेरीच्या वसाहतीत काही हजार कामकरी माश्या, हंगामात काही शे नर आणि एकच राणी असते. राणी राज्य करते, ही समजूत खरी नाही. अंडी घालणे हे तिचे मुख्य कार्य. तिच्या शरीरातून स्रवणाऱ्या गंधद्रव्यामुळे वसाहत एकत्र राहते. प्राचीन काळी या माशीला राजा मानीत. सतराव्या शतकात डच शास्त्रज्ञ यान स्वामरडॅम यांनी शवविच्छेदन करून तिच्या पोटात अंडाशय असल्याचे दाखवून दिले. दृष्टिहीन असूनही आपल्या सेवकाच्या डोळ्यांनी निरीक्षणे करणारे स्विस संशोधक फ्रान्स्वा ह्यूबर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस राणीचे मीलन पेटीबाहेर होते हे सिद्ध केले. मीलन बाहेर होते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व दिसून येईल.

राणी व कामकरी माशी या दोघीही एकाच प्रकारच्या फलित अंड्यातून जन्माला येतात. फरक पडतो तो आहारामुळे. अंडे घातल्यापासून तीन दिवसांनी अळी बाहेर येते. पहिले दोन-तीन दिवस सर्वच अळ्यांना दाई माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून स्रवणारे पौष्टिक खाद्य मिळते. नंतर कामकरी अळीच्या खाद्यात मध व पराग मिसळले जातात. राणी होणाऱ्या अळीला मात्र अखेरपर्यंत राजान्न अर्थात रॉयल जेली भरपूर दिली जाते. तिच्यासाठी पोळ्याच्या कडेला शेंगेप्रमाणे लोंबणारे स्वतंत्र घर बांधले जाते. त्याला राणीघर म्हणतात. आठव्या दिवसाच्या सुमारास त्याचे तोंड मेणाने बंद होते आणि पंधराव्या-सोळाव्या दिवशी राणी बाहेर पडते.

नराची गोष्ट निराळी आहे. तो फलित न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्याला आई असते, आजोबा असतो. परंतु बाप नसतो. आईचे गुण तो जसेच्या तसे पुढे नेतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्या पेटीत नर अधिक, त्या पेटीच्या राणीचा प्रभाव आसपासच्या सर्व नव्या राण्यांच्या संततीवर पडतो.

निवड कशी करावी

मध जास्त देणारी वसाहत ती उत्तम, असा सर्वसाधारण समज असतो. तो अपुरा आहे. मधाचे प्रमाण पेटीची जागा, जवळचा फुलोरा आणि मधपाळाची देखभाल यांवरही अवलंबून असते. शेजारी शेजारी ठेवलेल्या, सारखीच निगा राखलेल्या पेट्यांची परस्परांशी तुलना केली तरच राणीचे गुण ध्यानात येतात. त्यासाठी प्रत्येक पेटीला क्रमांक देऊन एका वहीत नोंद ठेवणे आवश्यक आहे. ही नोंद किमान दोन हंगामांची असावी.

या वहीत पुढील गोष्टी टिपाव्यात. पावसाळ्यात वसाहत टिकली काय व ऑक्टोबरमध्ये तिच्यात किती चौकटी माश्यांनी भरलेल्या होत्या? उपासमारीत अथवा पेटी उघडल्यामुळे ती उडून गेली काय? हंगामात ती फुटली काय व किती वेळा? अंडी, अळ्या व कोष यांचा मिळून जो पिलावा असतो तो सलग आहे की मध्ये मध्ये रिकाम्या घरांमुळे विरळ दिसतो? मेणकिड्याचा शिरकाव झाला असता माश्यांनी तो स्वतः आवरला काय? पेटी उघडल्यावर माश्या शांतपणे पोळ्यावर राहतात की अंगावर येतात? आणि सर्वांत शेवटी, मध किती मिळाला?

सातेरीचा मोठा दोष म्हणजे पळून जाण्याची व फुटण्याची प्रवृत्ती. रानात हा दोष नसून गुण असतो. कारण त्यामुळेच ती संकटातून निसटते व आपला विस्तार करते. पेटीत मात्र तो मधपाळाच्या मुळावर येतो. पावसाळ्यात घर न सोडणारी, साठवलेला मध काटकसरीने वापरणारी आणि फुलोरा येताच वेगाने वाढणारी वसाहत हीच मावळात मातृवसाहत म्हणून निवडण्यास योग्य होय.

येथे हौशी मधपाळाकडून एक चूक नकळत घडते. वसाहत फुटण्याच्या तयारीत असली की पोळ्यांच्या खालच्या कडेला पुष्कळ राणीघरे आपोआप तयार होतात. ती आयतीच मिळत असल्याने कापून दुसऱ्या पेटीत लावण्याचा मोह होतो. त्यातून निपजणाऱ्या राण्या सुदृढ असतात, यात शंका नाही. परंतु जी वसाहत वारंवार फुटते तिच्यातच अशी राणीघरे सर्वाधिक मिळतात. दरवर्षी हेच केल्यास मधपाळ आपल्या हातांनी फुटण्याच्या प्रवृत्तीचीच निवड करीत जातो. याउलट, म्हातारी राणी बदलण्यासाठी शांत वसाहत पोळ्याच्या मधल्या भागात एक-दोन राणीघरे बांधते. ती आढळल्यास जपावीत.

राणी वाढविण्याची सोपी रीत

चार-पाच पेट्या असणाऱ्यास कोणत्याही खास साधनाविना राणी वाढविता येते. निवडलेली मातृवसाहत भरभराटीत असताना तिच्यातील राणी, पिलाव्याच्या दोन चौकटी व त्यांवरील माश्या यांसह दुसऱ्या पेटीत काढून ठेवावी. कामावर गेलेल्या माश्या जुन्या जागीच परततात. म्हणून राणीच्या नव्या पेटीत तरुण माश्या थोड्या अधिक झाडून घालाव्यात व तिला साखरेचा पाक द्यावा. जुन्या पेटीत राणी नाही हे माश्यांना काही तासांतच उमगते व त्या कोवळ्या अळ्यांभोवती राणीघरे बांधू लागतात.

या ठिकाणी सावध राहिले पाहिजे. घाईत असलेल्या माश्या काही वेळा वाढलेल्या अळ्याही निवडतात. अशा अळीला राजान्न कमी दिवस मिळाल्याने तिच्यापासून होणारी राणी लहान व कमी अंडी घालणारी निघते. शिवाय तिचे वय जास्त असल्याने तीच सर्वांआधी बाहेर पडते आणि इतर राणीघरांतील सुदृढ बहिणींना ठार मारते. म्हणजे उत्तम वसाहतीतूनही निकृष्ट राणी हाती येते. यावरचा उपाय साधा आहे. राणी काढल्यापासून तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस पेटी उघडावी. तोपर्यंत ज्या राणीघरांची तोंडे बंद झालेली असतील ती वाढलेल्या अळ्यांची समजून मोडून टाकावीत. उघड्या राणीघरांपैकी ज्यांत राजान्न भरपूर व अळी कोवळी दिसेल, अशी मोठी, सरळ घरे राखावीत. नवव्या-दहाव्या दिवशी त्यांतील एक जागीच ठेवून उरलेली पोळ्याच्या तुकड्यासह हलक्या हाताने कापावीत आणि राणी नसलेल्या इतर पेट्यांना द्यावीत.

साधारण वसाहतीतील राणी बदलावयाची असल्यास तिच्यातील जुनी राणी काढून, तिने घातलेल्या अंड्यांपासून तयार होणारी राणीघरे मोडून, मातृवसाहतीतील ताज्या अंड्यांची एक चौकट तिला द्यावी. माश्या तिच्यावर राणी वाढवितात. त्यामुळे पेटी तीच राहून वंश बदलतो. याकरिता सर्व पेट्या व चौकटी एकाच मापाच्या असणे आवश्यक आहे.

अधिक संख्येने राण्या हव्या असल्यास अमेरिकन मधपाळ गिल्बर्ट डूलिटल यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आजही जगभर वापरली जाते. लाकडी पट्टीवर मेणाच्या छोट्या वाट्या बसवितात. एक दिवसाहून लहान वयाची अळी बारीक सुईने, तिच्याखालील राजान्नासह अलगद उचलून प्रत्येक वाटीत ठेवतात आणि ती पट्टी राणी नसलेल्या, तरुण दाई माश्यांनी गच्च भरलेल्या वसाहतीत लावतात. सातेरीसाठी या वाट्या मेलिफेरापेक्षा लहान कराव्या लागतात. दुसऱ्या दिवशी किती अळ्या स्वीकारल्या गेल्या ते कळते. नवव्या-दहाव्या दिवशी तयार राणीघरे दोन-तीन चौकटींच्या छोट्या पेट्यांत वाटली जातात. या कामाला सराव लागतो. सुरुवातीच्या प्रयत्नांत थोड्याच अळ्या स्वीकारल्या गेल्या तरी निराश होण्याचे कारण नाही.

पावसाची मर्यादा

राणी जन्मली म्हणजे काम झाले, असे नव्हे. बाहेर पडल्यावर सुमारे आठवडाभरात ती स्वच्छ, उबदार दुपारी मीलनासाठी उड्डाण करते. एका किंवा अधिक उड्डाणांत दहाहून अधिक नरांशी तिचे मीलन होते व त्यांचे शुक्राणू ती जन्मभर शरीरातील एका पिशवीत साठवून ठेवते. सलग पाऊस असल्यास हे उड्डाण होत नाही. तीन-चार आठवडे तशीच राहिलेली राणी पुढे केवळ फलित न झालेली अंडी घालते. त्यांतून नरच निपजतात व वसाहत संपते.

म्हणूनच लोणावळ्याच्या बाजूला जून ते सप्टेंबर या काळात राणी वाढविण्याचा प्रयत्न करू नये. या काळात ज्या पेटीतील राणी मरते, त्या पेटीला सहसा वाचविता येत नाही. सातेरीच्या कामकरी माश्या राणीच्या अभावी लवकरच स्वतः अंडी घालू लागतात. एकेका घरात दोन-तीन अंडी दिसली की हे ओळखावे. अशी वसाहत नवी राणी सहजासहजी स्वीकारीत नाही. यावर उपाय एकच. पावसाळ्यात शिरताना प्रत्येक पेटीत तरुण राणी असली पाहिजे. राणी दोन-तीन वर्षे जगत असली तरी तिचा जोम पहिल्या वर्ष-दीड वर्षात सर्वाधिक असतो. तिच्या पाठीवर रंगाचा बारीक ठिपका दिल्यास वय लक्षात राहते. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार वर्षाचा अखेरचा अंक १ वा ६ असल्यास पांढरा, २ वा ७ असल्यास पिवळा, ३ वा ८ असल्यास तांबडा, ४ वा ९ असल्यास हिरवा आणि ५ वा ० असल्यास निळा रंग वापरतात.

राणी वाढविण्यास योग्य वेळ कोणती, हे दिनदर्शिकेपेक्षा पेटीच अधिक चांगले सांगते. नरांचा पिलावा दिसू लागला की वेळ जवळ आली असे समजावे. सातेरीच्या नरकोषाच्या टोपणावर मध्यभागी बारीक छिद्र असते. त्यावरून तो नवशिक्यालाही ओळखता येतो. पाऊस उघडल्यानंतरचे दिवस आणि उन्हाळी बहरापूर्वीचा काळ या दोन संधी मावळात सामान्यतः मिळतात. राणी उड्डाणावर असण्याच्या काळात सुमारे दोन आठवडे पेटी उघडू नये. त्यानंतर प्रत्येक घराच्या तळाशी एकेक अंडे दिसले म्हणजे राणी यशस्वी झाली.

नराचा वाटा

आतापर्यंतचे सर्व काम मधपाळाच्या अंगणात होण्यासारखे आहे. परंतु राणीचे मीलन आकाशात होते आणि तेथे मधपाळाची निवड चालत नाही. तेथे येणारे नर आसपासच्या पेट्यांतील, ढोलींतील व कपारींतील असतात. एखाद्या शिक्षकाने दोन वर्षे नोंदी ठेवून उत्तम राणी वाढविली, पण शेजारच्या वाडीतील पेट्या दुर्लक्षित, रोगट वा सतत पळून जाणाऱ्या वसाहतींच्या असल्या, तर त्याच्या नव्या राणीच्या संततीचा निम्मा वारसा तेथूनच येतो. भाताच्या बियाण्याप्रमाणे मधमाशीचे बियाणे एकाच्या कणगीत राहत नाही.

याला दुसरीही बाजू आहे. एकाच उत्तम राणीच्या मुली गावातील सर्व पेट्यांत घातल्या, तर पुढच्या पिढीत जवळच्या नात्यातील मीलने होऊ लागतात. अशा मीलनातून काही फलित अंड्यांपासून मादीऐवजी सदोष नर तयार होतात व कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात. पिलावा विरळ दिसू लागतो आणि वसाहत भरत नाही. म्हणून एक नव्हे, तर निरनिराळ्या वंशांच्या अनेक मातृवसाहती गावात असाव्यात व गावागावांत राणीघरांची देवघेव व्हावी. रानातील वसाहती हा या वैविध्याचा मोठा साठा होय. धूर व जाळ करून ढोलीतील वसाहत नष्ट केली जाते, तेव्हा थोड्या मधासाठी साऱ्या खोऱ्याचे नर व पुढील पिढ्यांचे गुण जळून जातात. ठाकर व कातकरी समाजातील जाणत्या माणसांना मोहोळांची पारख असते. केवळ मधाचा भाग कापून पिलावा तसाच राखण्याची पद्धत त्यांच्या सहकार्याने रुजविता येईल.

दक्षिणेतील अनुभव

वैविध्य व निवड यांचे महत्त्व दक्षिण भारताने मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. १९९१-९२ च्या सुमारास केरळ, कर्नाटक व तमिळनाडू या राज्यांत देशी मधमाशीवर ‘थाई सॅकब्रूड’ या विषाणुजन्य रोगाची साथ आली. अळ्या कोषात जाण्यापूर्वीच पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन मरू लागल्या आणि बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. अनेक कुटुंबांचा जोडधंदा बुडाला. या रोगावर औषध नव्हते. परंतु काही थोड्या वसाहती साथीतूनही वाचल्या. मधपाळांनी त्याच वसाहतींचे विभाजन करून त्यांच्या राण्या वाढविल्या आणि पुढील काही वर्षांत देशी मधमाशापालन पुन्हा उभे राहिले. सर्व वसाहती एकाच घडणीच्या असत्या, तर वाचण्यासारखे कदाचित काहीच उरले नसते.

शाळा, पंचायत व संस्था

महाराष्ट्रात या विषयाचे मार्गदर्शन दूर शोधावे लागत नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुणे येथे कार्यरत आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वर येथे असून त्या परिसरात सातेरी पाळण्याची परंपरा अनेक दशकांची आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित करण्यात आले. मंडळाच्या मधकेंद्र योजनेखाली पात्र व्यक्तींना व संस्थांना प्रशिक्षणाबरोबरच साहित्यासाठी ५० टक्के अनुदान दिले जाते.

मावळातील ग्रामपंचायतींना यासाठी मोठ्या तरतुदीची गरज नाही. गावातील पेट्यांची यादी करणे, सर्वांनी एकाच मापाच्या चौकटी वापराव्यात असा आग्रह धरणे, ऑक्टोबरमध्ये एकदा एकत्र बसून कोणाच्या वसाहती पावसाळ्यातून सुस्थितीत बाहेर पडल्या याचा आढावा घेणे आणि त्यांतील निवडक चार-सहा वसाहतींची राणीघरे सर्वांना उपलब्ध करून देणे, एवढे तरी प्रत्येक गावाला शक्य आहे. दुबळ्या वसाहतींतील नरांचा पिलावा कापून टाकणे व उत्तम वसाहतींत तो वाढू देणे, हेही सामुदायिक निर्णयानेच साधते. गुलाबाची हरितगृहे व भाजीपाल्याची शेते असलेल्या भागात कीटकनाशकाची फवारणी माश्या घरी परतल्यावर, म्हणजे सायंकाळी करण्याचा नियम गावाने घालून घेतल्यास कारळा, वेलवर्गीय भाज्या व फळझाडे यांच्या परागीभवनालाही त्याचा लाभ होईल.

माध्यमिक शाळांना या कामात मोलाचा वाटा उचलता येईल. प्रत्यक्ष पेटी हाताळणे मोठ्यांनी, चेहऱ्यावर जाळी घालून व प्रशिक्षण घेऊनच करावे. परंतु गावातील फुलोऱ्याची दिनांकवार नोंद, पावसाचे मोजमाप आणि पेट्यांच्या क्रमांकानुसार नोंदवही ठेवणे ही कामे विद्यार्थी उत्तम रीतीने करू शकतात. दोन-तीन वर्षांची अशी वही ज्या गावाकडे असेल, त्या गावाला कोणती राणी ठेवावी हे बाहेरच्या कोणी सांगावे लागणार नाही.

भाताचे बियाणे राखताना मावळच्या शेतकऱ्याने आजवर आपल्या खळ्यापुरता विचार केला तरी चालत असे. मधमाशीच्या बाबतीत तसे चालत नाही. येथे शेजाऱ्याची पेटी व रानातील ढोली हीदेखील आपल्याच बियाण्याचा भाग असते. येत्या पावसाळ्यानंतर ज्या वाडीत हौशी मधपाळ रिकाम्या पेट्या घेऊन रानाकडे वळण्याऐवजी आपल्या नोंदवह्या घेऊन चावडीवर एकत्र येतील, त्या वाडीत राणीच्या निवडीचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले, असे म्हणता येईल.